महसीर, धरण आणि अकरा महिन्यांचा शास्त्रज्ञ

लोणावळ्याजवळ वळवण तलावाच्या काठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महसीर माशांचे जे मत्स्यबीज केंद्र उभारले, त्याचे कौतुक गेली पन्नास वर्षे होत आले आहे. ते सर्वस्वी अनाठायी आहे असे कोणी म्हणू नये. दख्खनच्या नद्यांतून झपाट्याने ओसरत चाललेल्या एका देशी माशाची कृत्रिम पैदास येथे साध्य झाली. राज्याचे मत्स्यसंचालक म्हणून काम केलेल्या डॉ. सी. व्ही. कुलकर्णी ह्यांच्यासारख्या अभ्यासकाने ह्या माशाची अंडी, त्याची पिल्ले व त्याच्या विणीच्या सवयी ह्यांचे पायाभूत संशोधन केले. आणि येथून लक्षावधी बोटुकली देशाच्या निरनिराळ्या भागांत गेली. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ह्या निळसर परांच्या महसीराला ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘किमान चिंता’ ह्या वर्गात घातले. कंपनीने ती वार्ता आपल्या कार्याची पावती म्हणून प्रसिद्धीस दिली, आणि वृत्तपत्रांनी ती दिली तशी छापली.

ह्या वार्तेत दोन गोष्टींचा उल्लेख नव्हता. हा मासा ज्या नदीचा, त्या नदीचे काय झाले, ही एक. आणि ही लक्षावधी पिल्ले ज्यांच्या हातांखालून गेली, ते हात कोणाचे होते, ही दुसरी. समाजवादी चळवळीला ह्या दोन्ही प्रश्नांशी कर्तव्य आहे, आणि दोन्हींचे मूळ एकच आहे.

प्रथम नदीचे पाहू. कंपनी सरकारच्या चाकरीत दख्खनची सांख्यिकी गोळा करीत हिंडणाऱ्या कर्नल साइक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतून हा मासा मिळवला आणि १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ‘खुद्री’ हे त्याच्या शास्त्रीय नावातील पद साइक्सने इथल्या लोकांच्या तोंडूनच उचललेले आहे. म्हणजे जगाच्या मत्स्यशास्त्रात हा मासा मावळचा नागरिक म्हणूनच नोंदला गेला. वाहते, थंड, प्राणवायूने समृद्ध पाणी आणि खडे-गोट्यांचा तळ ही त्याची गरज. पावसाळ्यात नदीला पूर आला की माद्या प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात आणि खड्यांच्या सांदीत अंडी घालतात. ह्या चढाईत अडथळा आला की वीण खुंटते.

अडथळा आला तो नेमका येथेच. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये, भिऱ्याचे १९२७ मध्ये. मुंबईच्या गिरण्या चालाव्यात म्हणून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचे पाणी अडवून, बोगद्यांतून आणि नळांतून सह्याद्रीच्या कड्याखाली कोकणात सोडण्यात आले. सेनापती बापटांनी १९२१ ते १९२४ ह्या काळात मुळशीच्या मावळ्यांसह जो सत्याग्रह केला तो ह्याच योजनेच्या एका धरणाविरुद्ध. त्या लढ्याचा इतिहास ह्या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. शेतकऱ्याच्या जमिनीची निदान किंमत करण्यात आली, भले ती कितीही अपुरी असो. नदीत मासे धरून पोट भरणाऱ्या भोई-कातकऱ्यांच्या हक्काला किंमत लावण्याइतकाही मान मिळाला नाही, आणि माशांचा विचार करण्याची तर त्या काळी रीतच नव्हती.

अर्थशास्त्रात ह्याला बाह्य खर्च म्हणतात. उत्पादकाच्या वहीत तो चढत नाही. तो कोणाच्या तरी अंगावर पडतो, एवढेच. पुढे पन्नास वर्षांनी तोच उत्पादक त्या खर्चाचा एक अल्पसा अंश स्वखुशीने उचलतो, तेव्हा तो त्याच्या वहीत ‘सामाजिक कार्य’ म्हणून जमा होतो. वीजकंपनीने मत्स्यबीज केंद्र काढले हे चांगलेच झाले. न काढणाऱ्या कंपन्या काही कमी नाहीत. पण कर्जफेडीला देणगी म्हणण्याची चाल समाजवाद्यांनी तरी मान्य करू नये.

आता दुसरा प्रश्न. मासा ‘वाढवणे’ म्हणजे काय, ह्याची कल्पना नसल्यामुळे पुष्कळांना ते टाकीत खाद्य टाकण्याइतके सोपे वाटते. पाऊस लागला आणि ओढे तलावात कोसळू लागले की प्रवाहाच्या तोंडाशी येणाऱ्या पक्व माद्या जाळ्याने धरतात. हे काम रात्रीबेरात्री, भर पावसात, चिखलातून करावे लागते, आणि जाळे टाकणारा असतो एखादा जाणता मच्छीमार, ज्याची केंद्राच्या दप्तरी ‘रोजंदारी मदतनीस’ अशी नोंद असते. मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी कोरड्या पात्रात काढतात, त्यावर नराचे बीज सोडून पिसाने मिसळतात, मगच पाणी घालतात. दाब थोडा अधिक पडला तर मादी जायबंदी होते. पाणी आधी लागले तर अंडी फळत नाहीत. महसीराची अंडी मोठी असतात पण इतर कार्प माशांच्या मानाने संख्येने फार थोडी, आणि तीही एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून प्रत्येक अंड्याला मोल असते. पाणी किती ऊन वा गार आहे त्यावर अवलंबून सुमारे तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. तोवर मेलेले, पांढरे पडलेले प्रत्येक अंडे चिमट्याने वेचून काढावे लागते, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. हे वेचणे दर काही तासांनी चालते. रात्री वीज गेली, पाण्याची धार थांबली, तर सकाळी तबकात काही उरलेले नसते.

नुकती जन्मलेली पिल्ले उजेड टाळतात. पोटाशी बलकाची पिशवी घेऊन ती तळाच्या कोपऱ्यांत एकमेकांवर गर्दी करतात आणि दाटीनेच गुदमरून मरू शकतात. त्यांना पांगवायचे, पाण्याची धार राखायची, बलक संपता संपता सूक्ष्म जीवांचे खाद्य वेळेवर सुरू करायचे. आठवडाभराची चूक सबंध हंगाम बुडवते. ही कला ग्रंथात अर्धीच सापडते. उरलेली अर्धी जुन्या माणसाच्या शेजारी तीनचार पावसाळे उभे राहिल्याशिवाय येत नाही.

आणि ह्या तबकांपाशी उभे कोण असते? प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या, उदगीरच्या वा नागपूरच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडलेली तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा. एका विशिष्ट केंद्राचे हे वर्णन नव्हे. सरकारी संस्था, विद्यापीठे, कंपन्यांच्या निधीवर चालणारे प्रकल्प ह्यांच्या जाहिराती कोणीही काढून वाचाव्यात. ‘पद निव्वळ तात्पुरते असून प्रकल्पाबरोबर आपोआप समाप्त होईल’, ‘कायम नेमणुकीचा कोणताही हक्क राहणार नाही’, ‘मुलाखतीसाठी प्रवासखर्च दिला जाणार नाही’ ही त्यांची ठरलेली भाषा आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२० साली प्रकल्पांतील पहिल्या पायरीच्या सहयोगी पदासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दरमहा ३१,००० रुपये व इतरांना २५,००० रुपये, शिवाय घरभाडे, असे मान ठरवले होते. म्हणजे कागदावरचे सरकारी मान अगदीच हलाखीचे होते असे नाही. खरे दुखणे रकमेपेक्षा मुदतीचे आहे. अकरा महिन्यांचा करार, मध्ये एक दिवसाचा खंड, पुन्हा करार: सेवा अखंड दिसू नये म्हणून हा खंड घालण्याची क्लृप्ती आता इतकी रुळली आहे की ती घालणाऱ्या कारकुनालाही त्याचे काही वाटत नाही.

येथे अर्थसंकल्पाचे पंचांग आणि नदीचे पंचांग ह्यांचा उभा वैरभाव आहे. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते. नव्या वर्षाचा निधी मंजूर होऊन हातात पडेपर्यंत पावसाळा निम्मा उलटलेला असतो, आणि महसीराची वीण तर पावसाळ्यातच. ज्या तरुणाने गेल्या सप्टेंबरात पिल्ले जगवण्याचे कसब कमावले, त्याचा करार बहुधा पुढच्या जूनपूर्वी संपतो. नव्याची नेमणूक ऑगस्टात होते. महसीराच्या मादीला पक्व व्हायला अनेक वर्षे लागतात. म्हणजे ज्या पिल्लाला एका शास्त्रज्ञाने कोपऱ्यातून पांगवून जगवले, ते वयात येऊन प्रथम वीण देईल तेव्हा त्याची कुळकथा सांगू शकणारा माणूस त्या केंद्रात असण्याची शक्यता फार थोडी. कोणत्या नदीतून आणलेली मादी, कोणत्या नराशी कधी जुळवली, कोणत्या टाकीतील पिल्ले कोठे सोडली, ह्या नोंदी अखंड असल्याशिवाय दुर्मीळ जातीचे संवर्धन म्हणजे अंधारात बी फेकणे होय.

हे बी चुकीच्या शेतात पडले तर काय होते, त्याचा पुरावा कावेरीत आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रातील हाच निळ्या परांचा महसीर कावेरीत सोडण्यात आला. हेतू चांगलाच होता. मासे कमी होत आहेत, तेव्हा मासे सोडा. परंतु कावेरीचा स्वतःचा महसीर निराळा होता, पाठीवर कुबड असलेला, महाकाय. १९४६ मध्ये काबिनीत गळाला लागलेल्या एका माशाचे वजन १२० पौंड भरल्याची नोंद आहे. गळ टाकणाऱ्या शौकिनांनी ठेवलेल्या १९९८ ते २०१२ ह्या काळातील नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की पाहुणा मासा वाढत गेला आणि घरचा मासा दिसेनासा होत चालला. ह्या घरच्या माशाला धड शास्त्रीय नावही नव्हते. तो नेमका कोणत्या जातीचा हे २०१८ मध्ये निश्चित झाले, आणि त्याच वर्षी त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात झाली. एकाच वर्षी एक महसीर यादीतून सुटला आणि दुसरा यादीच्या टोकाला जाऊन पोहोचला. धरणे, वाळूउपसा, सुरुंगांनी मासे मारणे ही कारणे कावेरीतही आहेतच; सारा दोष बोटुकल्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरी पण एका जातीच्या संख्येचा आकडा फुगला म्हणून नदीची प्रकृती सुधारली असे समजणाऱ्यांना एवढे उदाहरण पुरे व्हावे.

आकड्यांचा हा मोह समजण्यासारखा आहे. सोडलेली बोटुकली मोजता येतात, त्यांच्यासोबत मंत्र्यांचे छायाचित्र निघते. जगलेली मोजायला वर्षे लागतात आणि छायाचित्र निघत नाही. (राज्याने २०२३ मध्ये पापलेटला ‘राज्य मासा’ घोषित केले तेव्हा तो समारंभही झाला, गोड्या पाण्यातील देशी माशांच्या वाट्याला असा समारंभसुद्धा येत नाही.) राज्याच्या बहुतेक मत्स्यबीज केंद्रांतून निघतात ते कटला, रोहू, मृगळ, म्हणजे गंगेच्या खोऱ्यातील मासे, कारण ते लवकर वाढतात आणि जलाशयाच्या ठेक्याला परवडतात. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी ह्यांनी ओरिसात संप्रेरकाच्या टोचणीने कार्प माशांची वीण घडवून आणली. सरकारी संशोधनाची ती फार मोठी देणगी आहे आणि तिने लाखो कुटुंबांना अन्न दिले. पण त्या यशानंतर देशी माशांकडे लक्ष देणारी माणसे कायम पगारावर ठेवावीत, असे शासनाला वाटले नाही.

हा रोग आपल्याच देशाचा आहे असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील शास्ता धरणाने सॅक्रामेंटो नदीतील हिवाळी सामन माशाची वाट अडवली, आणि १९९७ मध्ये त्याच धरणाच्या पायथ्याशी सरकारने त्या माशाचे मत्स्यकेंद्र काढले. चित्र तेच, फक्त तेथे तो खर्च सरकारचा आहे आणि नोकरीही सरकारी. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील नव्या राजवटीने संघराज्य सरकारच्या सेवेत नुकत्याच लागलेल्या, अद्याप परिवीक्षेवर असलेल्या हजारो लोकांना एका फटक्यात घरी पाठवले. त्यांत मत्स्य व वन्यजीव खात्याचे शेकडो जण होते. न्यायालयांनी त्यांतील अनेकांना परत घेण्याचे आदेश दिले, त्या आदेशांवर पुन्हा स्थगिती आली, आणि हा खेळ महिनोन्‌महिने चालला. सर्वांत शेवटी आलेला सर्वांत आधी जातो, हा भांडवलशाहीचा जुना नियम. पण जिवंत प्राण्यांच्या बाबतीत शेवटी आलेलाच तबकापाशी उभा असतो.

पक्षाच्या बैठकीत कोणी कार्यकर्ता विचारील की माणसांना प्यायला पाणी नाही, शेतमजुराला काम नाही, आणि हे माशांचे काय घेऊन बसलात? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उत्तर देहूला आणि वाळणला मिळते. देहूच्या इंद्रायणीत, महाड तालुक्यात वाळण कोंडीच्या डोहात गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या महसीर राखला. त्यासाठी त्यांना कोणत्याही मत्स्यकेंद्राची, कोणत्याही पुरस्काराची गरज भासली नाही. डोहात जाळे टाकायचे नाही हा लोकांनी स्वतःवर घातलेला निर्बंध होता. आज आळंदीला त्याच इंद्रायणीवर फेस तरंगतो, आणि वारकऱ्याला त्याच पाण्यात स्नान करावे लागते. माशाला जे पाणी चालत नाही ते माणसाला चालते असे मानणे ही गरिबांच्या बाबतीतच केली जाणारी सवलत आहे. महसीर तग धरतो ते पाणी काठच्या माणसाच्याही कामाचे असते. म्हणून हा मासा चैनीचा विषय नाही.

चळवळीचा दोष येथे स्पष्ट सांगितला पाहिजे. संघटित कामगारांच्या युनियन्स बांधताना कंत्राटी शास्त्रज्ञाला कोणी कामगार मानले नाही. त्याच्या अंगावर पांढरा कोट, हातात पदवी. आणि एका केंद्रावर असे तीनच जण, त्यांची कसली युनियन व्हायची? खुद्द त्या तरुणालाही आपण कामगार आहोत असे वाटत नाही. उद्या परदेशी शिष्यवृत्ती मिळेल, परवा प्राध्यापकी मिळेल, ह्या आशेवर तो आजचा अन्याय सोसतो. शेजारी जाळे ओढणारा रोजंदारीवरचा भोई आणि आपण एकाच मस्टरच्या दोन टोकांवर आहोत, हे त्याला उमगत नाही, आणि उमजवून देणारे कोणी त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन सरकारांनी वर्षानुवर्षे हंगामी लोकांना दारात उभे ठेवले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने जग्गो खटल्यात केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे राबलेल्या सफाई कामगारांना व त्यांच्या एका सहकाऱ्याला सेवेत कायम करण्याचा आदेश दिला, आणि उमादेवी निकालाची ढाल करून नित्याचे काम हंगामी नावाखाली करून घेण्याच्या प्रवृत्तीवर ताशेरे ओढले. अंडी वेचणे हे काम दर पावसाळ्याला होते; ते नित्याचे नाही तर काय?

मागणी साधी आहे आणि ती दोन्ही अंगांनी एकदम केली पाहिजे, कारण एकीवाचून दुसरी फोल आहे. देशी माशांच्या पैदाशीसाठी राज्याच्या मत्स्यखात्यात जीवशास्त्रज्ञांची व मत्स्यसहायकांची कायम पदे असावीत आणि जाळे टाकणाऱ्यांना त्यांत सहायक म्हणून सामावून घ्यावे. कोणत्या खोऱ्यातील मासा कोणत्या नदीत सोडायचा ह्याची लेखी परवानगी व नोंद बंधनकारक असावी. परक्या खोऱ्यात सोडणे बंद व्हावे. आणि ज्या धरणांनी ही वीण रोखली, ती खाजगी असोत वा सरकारी, त्यांच्या परवान्यात पावसाळ्यातील विणीच्या काळात नदीत पाणी सोडण्याची अट घातली जावी, आणि त्या पाण्याची नुकसानी सामाजिक कार्याच्या खात्यात नव्हे तर उत्पादनखर्चात लिहिली जावी. ही शेवटची मागणी सर्वांत कठीण आहे. विजेचे दर वाढतील अशी ओरड होईल, आणि ते काही अंशी खरेही असेल. मुंबईने शंभर वर्षे मावळच्या पाण्यावर दिवे लावले, त्याची थोडी किंमत आता मुंबईने दिली तर आकाश कोसळणार नाही.

जैविक विविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि त्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता समिती असणे आवश्यक आहे. बहुसंख्य गावांत ती कागदावर आहे. नदीकाठच्या कार्यकर्त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीत ती खरी आहे का हे पाहावे. मत्स्यखात्यात जीवशास्त्रज्ञांची पदे किती मंजूर, किती भरलेली, किती कंत्राटी, आणि गेल्या पाच वर्षांत कोणत्या नदीत कोणत्या जातीची किती बोटुकली सोडली, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. मावळ, मुळशी आणि महाड ह्या तीन तालुक्यांतून सुरुवात करता येईल. अर्ज मे महिन्यात गेले तर नियमाप्रमाणे उत्तरे जूनअखेर हाती यावीत; त्या सुमारास पावसाळी अधिवेशन तोंडावर असते, आणि तलावांच्या तोंडाशी जाळी टाकण्याचे दिवसही जवळ आलेले असतात.